मोंढ्यात हमाली करतो, कंबर आत्तापासून कशी सांभाळावी?

लातूरचा_गडी
नमस्कार मंडळी. मी लातूरच्या मार्केट यार्डात एका आडतीवर हमाली करतो, वय २७. सोयाबीनचा सिझन सुरू झालाय, दसरा ते दिवाळी तर पाणी प्यायला सवड नसते, गाड्या एकामागं एक लागलेल्या असतात. माझी कंबर आजून दुखत नाही. पण आमच्या टोळीत जे चाळिशीला आलेत त्यांच्यातल्या बहुतेकांची गेलीय, एकजण तर सकाळी भिंतीला धरून उठतो अन् तसाच कामावर येतो, कारण हमाली कट्ट्यावर, म्हणजे ५० किलोच्या पोत्यामागं मिळते, उचलला नाही तर पैसा नाही. माझ्या बापानं १०० किलोची पोती वाहिली, आज त्यांना खाली बसून जेवता येत नाही. मला हेच काम करायचंय, शेत-बित काही नाही. तर दुखायच्या आधीच काय करावं ते सांगा. मेडिकलवाला म्हणतो कमरेचा पट्टा घे, घ्यावा का? अन् जड उचलू नको एवढं सांगू नका, ते जमत नाही.

जालना_जुना_मोंढा
लेकरा लई चांगलं विचारलंस. माझी सगळी जिंदगी जालन्याच्या मोंढ्यात गेली. एकदा पाठीवर नीट बसलेला कट्टा तेवढा त्रास देत नाही, कंबर जाते ती खालून उचलताना अन् वर टाकताना. जमिनीवरचा कट्टा एकट्यानं ओढून मांडीवर घ्यायचा अन् तिथून हिसका मारून पाठीवर, ही सवय तरण्या पोरांना असते, ताकद दाखवायला बरी वाटते, ती सोड. दोघांनी कट्ट्याचे कान धरून द्यायचा, तिसऱ्यानं पाठ द्यायची. देणाऱ्यानं पण गुडघ्यात बसायचं, कट्टा पोटाला चिकटवायचा अन् मांड्यांच्या जोरावर उठायचं, हात लांब करून उचललं की सगळा ताण कमरेवर येतो.
आता थप्पीवर टाकायचं बघ. बरेच जण पाय तिथंच रोवतात अन् नुसती कंबर फिरवून झटका देतात. चमक तिथंच भरते. आधी पाय फिरव, थप्पीकडं पाठ कर, मग सोड. अन् फळीवर सोयाबीनचे दाणे सांडलेले असतात, चढायच्या आधी झाडून घे. पाय घसरलाच तर कट्टा सावरायला जाऊ नको, सोडून दे खाली, फाटला तर फाटू दे. कट्टा दुसरा मिळतो.

फिजिओ_संभाजीनगर
काकांनी सांगितलं ते अगदी बरोबर आहे, मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्याकडे येणारे हमाल बहुतेक 'वाकलो, वळलो आणि गेलं' असंच सांगतात. मणक्यांच्या मधे ज्या गाद्या असतात त्यांना वाकणं आणि वळणं एकाच वेळी झालेलं सोसत नाही, त्यातून कमरेच्या सगळ्यात खालच्या दोन गाद्यांवर ताण जास्त. अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी नायॉश नावाची सरकारी संस्था आहे, तिच्या हिशोबात सगळं अनुकूल असेल, म्हणजे वजन अंगाजवळ, कमरेच्या उंचीवर, वळायचं नाही, तरी दोन हातांनी उचलायला २३ किलो ही मर्यादा धरतात. तुमचा कट्टा ५० चा. म्हणून दोघांनी देणं हा आळस नाही, तेच बरोबर आहे.
पट्ट्याचं विचारलंत. धडधाकट माणसाला पट्ट्यामुळं दुखणं टळतं असा भक्कम पुरावा नाही, उलट पट्टा बांधला की माणसाला वाटतं आता जास्त उचलता येईल. तेच पैसे चांगल्या, न घसरणाऱ्या बुटांना घाला, चपलेवर फळी चढू नका.
अजून एक. रात्रभर झोपल्यावर या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, त्यामुळं उठल्यावर पहिला तासभर खाली वाकून जड उचलणं जास्त धोक्याचं. पहाटेची गाडी असेल तर उठल्याबरोबर कट्ट्याला हात लावू नका, चालत या, आधी हलकी कामं करा. हमाली हाच व्यायाम असं सगळे म्हणतात पण त्यात तेच तेच स्नायू वापरले जातात, म्हणून रात्री दहा मिनिटं काढा. पाठीवर झोपून गुडघे वाकवून कुल्ले वर उचलायचे, थोडं थांबायचं, खाली. मग रांगतो तसं होऊन उजवा हात आणि डावा पाय सरळ करायचा, मग उलट, कंबर हलू द्यायची नाही. बिडी असेल तर सोडा, तिनं या गाद्यांचं नुकसानच होतं.

परभणी_आडत
मी आडतवाला आहे, मालकाच्या बाजूनं सांगतो. गाडीच्या फाळक्याच्या उंचीचा ओटा असला की कट्टा खाली ठेवून परत उचलायची वेळच येत नाही. आमच्या दुकानापुढं तसा ओटा आहे, सोबत दोन चाकाची ट्रॉली. थप्पी पण डोक्याच्या वर नेत नाही, जागा जास्त लागते, लागू द्या. दिवाळीच्या तोंडावर चांगला गडी घरी बसला तर नुकसान माझंच होतं.

लातूरचा_गडी
मालक, ट्रॉलीचं आमच्यात काढलं होतं. टोळीतलेच नको म्हणले, ट्रॉली आली की हमालीचा दर पाडतील म्हणून भ्या वाटतंय त्यांना.

जालना_जुना_मोंढा
भ्या खोटं नाही त्यांचं. म्हणून दराची बोली आधी करून घ्या, ट्रॉली मग. तोंडी नको, बाजार समितीसमोर करा. हमालांसाठीचा माथाडी कायदा १९६९ चा आहे, त्याच्या माथाडी मंडळात नाव नोंदवलंय का तुझं? नसल तर आधी ते कर, फंड-ग्रॅच्युइटीचं तिथूनच होतं. १०० किलोचं पोतं पण आपोआप ५० वर आलेलं नाही, हमालांनी भांडून भांडून आणलंय.

लातूरचा_गडी
नोंदणीचं उद्याच बघतो काका. ताई, अजून एक. भिंत धरून उठणाऱ्या त्या दादाला काय सांगू? गोळी खाऊन काम करायलेत. अन् माझी आई यार्डातच माती-माल झाडून चाळायचं काम करती, दिवसभर वाकून, तिची पण कंबर धरायली आता.

फिजिओ_संभाजीनगर
दादांना सांगा, नुसतं दुखत असेल तर पडून राहू नका, चालतं-फिरतं राहा, फक्त उचलायचं काम काही दिवस बंद, टोळीनं त्यांना कट्टे शिवायला नाहीतर वजनकाट्यावर बसवावं. पण कळ पायात उतरत असेल, पाऊल उचलता येत नसेल तर डॉक्टर गाठा, कुणाकडनं मणका बसवून घेऊ नका. आणि लघवी-संडासवरचा ताबा गेला किंवा बसायची जागा बधिर झाली तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या सरकारी दवाखान्यात न्या, अशा वेळी उशीर केला तर ते परत भरून येत नाही.
आईंच्या खराट्याला छातीपर्यंत येईल असा बांबू बांधा, म्हणजे उभ्यानं झाडता येईल. चाळण जमिनीवर धरण्यापेक्षा तिवईला टांगून कमरेच्या उंचीवर घ्या. आणि माल भरलेलं घमेलं त्यांनी एकटीनं उचलायचं नाही, अर्धंच भरायचं, खेपा वाढल्या तरी चालतील.