चर्चा: नागपुरातल्या लेस्बियन बायकांची पत्रं, फोटो कोणी जपायचे?

धरमपेठची
माझं मत सरळ आहे. आपल्या शहरातल्या लेस्बियन बायकांचे कागद आपणच जपायचे, नागपुरातच, आणि किल्ली आपल्याच हातात. बाई गेली की घरचे साड्या वाटतात, भांडी ठेवून घेतात आणि कागद रद्दीत घालतात. १९७४ मध्ये न्यूयॉर्कला जोन नेसल, डेबोरा एडेल आणि त्यांच्या मैत्रिणींनी 'लेस्बियन हर्स्टोरी अर्काइव्ह्ज' सुरू केलं. ब्रुकलिनचं स्वतःचं घर उघडलं ते १९९३ मध्ये, तोवर सगळा कारभार नेसलच्या राहत्या फ्लॅटमध्ये. कोणतीही लेस्बियन बाई आपलं काहीही तिथे देऊ शकते, ती नामवंत असावी लागत नाही. आपल्याकडे १९८१ साली तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' हे लेस्बियन मुलीवरचं नाटक रंगमंचावर आलं, त्यावर लिहिलेलं वाचायला मिळतं. पण त्याच काळात नागपुरात तसं जगलेल्या बाईच्या हातचं एक पान दाखवा मला.

महालकर
ताई, समलिंगी संबंध गुन्हा नाही, हा कलम ३७७ चा निकाल २०१८ चा. घरचे लोक निकाल वाचून वागतात का? तुमचं कपाट म्हणजे आयती यादी. एखादा भाऊ, एखादा नवरा आणि त्याच्या ओळखीतला हवालदार, एवढं पुरे. काही जणींनी स्वतःच्या हातानं कागद जाळलेत, तो त्यांचा हक्क होता.

बर्डीवाली
काऊन भेव दाखवून राहिले भाऊ? २०२१ च्या डिसेंबरात इथंच दोघी डॉक्टर पोरींनी एकमेकींले अंगठ्या घातल्या. पेपरात फोटो आले, नागपूर काही बुडालं नाही.

महालकर
त्या डॉक्टर होत्या. मी दुसऱ्याच्या घरी पोळ्या करणाऱ्या बाईबद्दल बोलतोय.

नंदनवन
संग्रहाला माझा विरोध नाही, जागेला आहे. बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलमध्ये 'क्वामरा' नावाचा क्विअर, म्हणजे समलिंगी, ट्रान्स वगैरे लोकांच्या दस्तऐवजांचा संग्रह आहे, तिथे हे काम येणारी माणसं आहेत. इथे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला जातो. कागद हातात तुटतो, कॅसेटची फीत खराब होते. जिव्हाळा ठीक आहे हो, वाळवीला तो कळत नाही.

धरमपेठची
वाळवीचं मान्य, पण त्यावर उपाय आहेत आणि ते महागडे नाहीत. पिना-स्टेपल आधी काढायच्या, त्या गंजतात. प्लास्टिकच्या पिशव्या नकोत, आम्लमुक्त कागदाची पाकिटं हवीत. फोटो गोंदानं चिकटवायचे नाहीत. आणि कूलरच्या खोलीत तर काहीच ठेवायचं नाही, त्या दमटपणानं महिनाभरात बुरशी धरते.

बंगळुरू का नको ते सांगते. एकीनं मला एक अंतर्देशीय पत्र दाखवलं. घड्यांवर फाटलेलं, कडेच्या पट्टीवरही बारीक अक्षर कोंबलेलं, खाली सही 'तुझा विनायक'. विनायक कोणी नव्हताच. होस्टेलच्या बाई पत्रं फोडायच्या, म्हणून मैत्रीण पुरुषाच्या नावानं लिहायची. बंगळुरूला याची नोंद काय होईल? एका पुरुषाचं प्रेमपत्र. खरं सांगणारी बाई इथे, सक्करदऱ्याच्या आसपास राहते, आणि सत्तरी ओलांडलेली आहे.

शिवाय हे नागपूर आहे. चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांचे कपडे, टाइपरायटर आहेत. ते आधी कार्यकर्त्यांनी सांभाळले, सरकारचा पैसा नंतर आला.

महालकर
बघा, विनायकचं बिंग आत्ता तुम्हीच फोडलंत. लिहिणारीला विचारलं होतं?

धरमपेठची
सहीतलं नाव आणि मोहल्ला दोन्ही बदललेत. जिच्याकडे पत्र आहे तिच्या परवानगीनं लिहिलंय.

महालकर
तिच्या. म्हणजे एकीच्याच. कागद तिचा, मजकूर दुसरीचा. कायदाही तेच म्हणतो, पत्रावरचा कॉपीराइट लिहिणारीचा. ती आज कुणाची तरी आजी असेल.

नंदनवन
हा मुद्दा बंगळुरूलाही लागू आहे. माझ्याकडे उत्तर नाही.

धरमपेठची
मग दोघींची सही घ्यायची. दुसरी सापडली नाही तर पाकीट सीलबंद, वर उघडण्याचं साल. यादीत फक्त नंबर, आणि नावांची वही वेगळ्या घरी.

महालकर
आणि दुसरी सापडली आणि 'जाळ' म्हणाली तर?

बर्डीवाली
तं जाळायचं, अजून काय. पण तिले विचारायले जाईन कोण, ते ठरवा आधी. मी अमरावतीपर्यंत जाऊ शकतो.