शिडाच्या नौकेवर बॅटरी चार्ज करण्यासाठी पवनचक्की बसवावी का?

प्रश्न

माझी ३० फुटी शिडाची नौका मांडव्याजवळ नांगरलेली असते. नोव्हेंबर ते मे या काळात आम्ही रत्नागिरी, मालवण करत गोव्यापर्यंत जातो. नौकेवर १२ व्होल्टच्या, एकूण २०० अँपिअर-अवरच्या लेड-ॲसिड बॅटऱ्या आहेत. दिवे, व्हीएचएफ रेडिओ, जीपीएस, ऑटोपायलट आणि लहान फ्रीज मिळून दिवसाला साधारण ७० अँपिअर-अवर खर्च होतात, त्यामुळे एका जागी मुक्काम लांबला की केवळ चार्जिंगसाठी इंजिन चालवावे लागते. १.२ मीटर व्यासाची छोटी पवनचक्की बसवल्यास तिच्यावर विसंबता येईल का?

प्रतिसाद १

निदान कोकण किनाऱ्यावर तरी विसंबू नये. वाऱ्यातील शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट होते आणि निम्मा झाला की आठव्या हिश्श्यावर येते. जाहिरातीतले वॅट जोरदार वाऱ्यातले असतात, हे विसरू नका. वाऱ्यातील ३० टक्के ऊर्जा प्रत्यक्षात हाती लागते असे धरले, तर तुमच्या मापाची चक्की १० नॉटच्या (ताशी सुमारे १८.५ किलोमीटर) वाऱ्यात जेमतेम २८ वॅट, म्हणजे दोन अँपिअरच्या आसपास देईल. २० नॉटला तीच २२० वॅटपर्यंत जाईल.

आता तुमचा हंगाम पाहा. दुपारचे खारे वारे चांगले असतात, पण सूर्यास्तानंतर ते पडतात आणि पहाटेच्या मतलईत पाती बहुधा आळसावलेलीच फिरतात. शिवाय मुक्कामासाठी आपण जयगड, विजयदुर्ग अशा आडोशाच्या जागाच निवडतो, म्हणजे चक्कीला हवा असलेला वारा आपण स्वतःच टाळतो. पावसाळ्यात वारा भरपूर असतो, पण तेव्हा नौका पाण्याबाहेर असते. याउलट याच महिन्यांत आकाश निरभ्र असते, आणि शिडाची किंवा डोलकाठीची सावली पडू दिली नाही, तर २०० वॅटचे सौर पॅनेल दिवसाला सुमारे ६० अँपिअर-अवर देऊ शकतात. माझ्या मते पहिला खर्च तिथेच करावा.

प्रतिसाद २

वरील मताशी मी सहमत आहे, मात्र ते जागेपुरते खरे आहे. मी पूर्व कॅरिबियनमध्ये नौकेवर राहतो. इथे हिवाळ्यात व्यापारी वारे १५ ते २० नॉटने रात्रंदिवस वाहतात, त्यामुळे नांगरावर असताना चक्की रात्रभर फ्रीज सांभाळते. परंतु वारा पाठीमागून घेऊन जाताना तिचा उपयोग फारच घटतो: १५ नॉटच्या वाऱ्यात नौका सहा नॉटने पुढे जात असेल, तर पात्यांना नऊच नॉट वारा मिळतो आणि शक्ती जवळपास पाचव्या हिश्श्यावर येते.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. आधी सौर पॅनेल बसवतो. पुढे चक्की जोडल्यास पॅनेलचाच कंट्रोलर (बॅटरीचे चार्जिंग नियंत्रित करणारे उपकरण) चालेल का? कालांतराने लिथियम बॅटऱ्या घेण्याचाही विचार आहे.

प्रतिसाद ३

नाही, आणि या बाबतीत कृपया तडजोड करू नका. बॅटरी भरल्यावर सौर कंट्रोलरने पॅनेल तोडले तरी पॅनेलचे काही बिघडत नाही. फिरत्या चक्कीवरचा विद्युतभार असा अचानक काढला, तर तिला रोखणारे काहीच उरत नाही. पाती बेफाम फिरतात, व्होल्टेज चढते आणि जोडलेली उपकरणे जळू शकतात. म्हणून जास्तीची वीज रोधकात उष्णतेच्या रूपाने जिरवणारा, चक्कीसाठीचाच कंट्रोलर घ्यावा आणि तो रोधक हवेशीर जागी, लाकूड व प्लॅस्टिकपासून दूर बसवावा. लिथियममध्ये हा धोका वाढतो, कारण तिचे संरक्षक सर्किट बॅटरी पूर्वसूचना न देता तोडू शकते. तेव्हाही चक्कीवर भार राहील अशी जोडणी हवी.

चक्कीच्या तारा आपसात जोडून तिला थांबवणारा स्विच कॉकपिटमधून हाताला येईल असा ठेवावा, पण वादळी वारा सुटल्यावर नव्हे, त्याआधीच तो वापरावा. खांबाच्या तळाशी रबराच्या जाड चकत्या घालाव्यात, नाहीतर पात्यांची थरथर थेट केबिनमध्ये उतरते. आणि पाती डेकवर उभ्या माणसाच्या वर केलेल्या हाताच्याही वर राहतील इतका खांब उंच असावा.