मदत हवी आहे: काचेवरच्या डीएनए ॲरेचे ठिपके पोकळ येतात आणि फराटे उठतात
४८ प्रोबचा (प्रोब म्हणजे नमुन्यातला जुळणारा डीएनए पकडणारा छोटा तुकडा) छोटा ॲरे, म्हणजे काचेवर ओळीने मांडलेले ठिपके, छापायचा आहे. प्रोब ३० बेसचे (बेस म्हणजे डीएनएची अक्षरं: ए, टी, जी, सी), साधे. ४० मायक्रोमोलर, ३×एसएससी या मिठाच्या बफरमध्ये. स्लाइडवर धनभारित पॉली-एल-लायसिनचा लेप, छपाई भरीव स्टीलच्या पिनेने, मग डीएनए पक्का करायला यूव्ही. स्कॅनवर ठिपक्याची कड चमकते, मधला भाग रिकामा. ब्लॉकिंगनंतर (ठिपक्यांबाहेरची मोकळी जागा बंद करायची पायरी) धूमकेतूसारखे फराटे. काचेशी पक्के जोडले जाणारे अमिनो गटाचे प्रोब आणि त्यांच्यासाठीच्या तयार इपॉक्सी स्लाइड परवडत नाहीत. काय करावं?

प्रतिसाद १
ही दोन वेगळी दुखणी आहेत. थेंब कडेला आधी वाळतो, आतलं द्रावण तिकडे ओढलं जातं आणि डीएनए कडेला साचतो. बफरमध्ये १.५ मोलर बीटेन, हा बाष्पीभवन मंदावणारा पदार्थ, घाला (१० मिलीला १.७६ ग्रॅम, निर्जल) आणि छपाईच्या पेटीत आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा.

फराट्याचं मूळ प्रोबमध्ये आहे. साधा ३० बेसचा प्रोब लायसिनला मुख्यतः विद्युतभारानेच धरून असतो. ब्लॉकिंगच्या द्रावणात तो सुटतो आणि शेजारच्या, अजून ब्लॉक न झालेल्या जागेवर बसतो. आधी ०.१ टक्के एसडीएस या डिटर्जंटमध्ये स्लाइड एका झटक्यात बुडवून जोरात हलवा, प्रोब २० मायक्रोमोलरवर आणा. फराटे कमी होतील, पण सुटलेला डीएनए परत येत नाही, सिग्नल फिकाच राहील. म्हणून पुढची ऑर्डर देताना प्रोबच्या एका टोकाला १० टी आणि १० सी जोडून घ्या. २५४ नॅनोमीटरच्या यूव्हीत ही शेपूट लेप नसलेल्या काचेलाही चिकटते. खर्च फक्त २० जादा बेसचा.

प्रतिसाद २
नमुन्यात तो डीएनए ‘आहे की नाही’ एवढंच उत्तर हवं असेल तर काच सोडाच. धनभारित नायलॉन पडद्यावर अर्धा मायक्रोलिटरचे ठिपके द्या, वाळवा, १२० मिलिज्यूल प्रति चौ. सेंमी यूव्ही. बायोटिन (नंतर ओळखू येणारी खूण) लावलेलं पीसीआर उत्पादन, म्हणजे नमुन्यातल्या डीएनएच्या वाढवलेल्या प्रती, ९५ अंशांवर ५ मिनिटं तापवून थेट बर्फात ठेवा, मग हायब्रिडायझेशन, म्हणजे या प्रती प्रोबशी जुळू देणं. पुढे स्ट्रेप्टाव्हिडिन-अल्कलाइन फॉस्फटेज (बायोटिनला धरणारं एन्झाइम) आणि त्यामुळे रंग देणारं एनबीटी-बीसीआयपी. जांभळे ठिपके साध्या कागदी स्कॅनरवर दिसतात. शेवटच्या धुण्यात पीबीएस (फॉस्फेटचा बफर) नको, फॉस्फेट एन्झाइमला अडवतं. ट्रिस, पीएच ९.५, वापरा. फ्लुओरोसंट रंग इथे टाळा, नायलॉन स्वतःच चमकतो.

धागाकर्ता
आभार. छपाई नीट झाली की धुण्यात गेलं, हे ओळखायचं कसं?

प्रतिसाद १
एकाच खेपेच्या दोन स्लाइड घ्या. एक न धुता, दुसरी धुऊन, दोन्ही सायबर ग्रीन २ या डीएनएला चिकटून चमकणाऱ्या रंगाने रंगवा. पहिलीवरच ठिपका नसेल तर पिन भरत नाही. पहिलीवर असून दुसरीवर नसेल तर जोडणी कच्ची. आधी ४ प्रोबवर करून पाहा, सगळे ४८ मागवू नका.