मदत हवी आहे : सूर तेच, राग वेगळे

नमस्कार मंडळी. ठाण्यात नौपाड्याला आम्ही काही कानसेन जमून रागांची कोडी घालतो. या वेळी पाळी माझी. विषय : सूर तेच, राग वेगळे. भूप-देशकार घेतलेत, गंधार प्रबळ की धैवत यावर ओळखायचे. मारवा, पूरिया, सोहनीही घेतलेत (हे त्रिकूट मला फार प्रिय!). पंचम तिघांतही नाही, पण मारव्यात रिषभ-धैवत बोलतात, पूरियात गंधार-निषाद, आणि सोहनी तार षड्जाभोवती खुलते.

आता कोमल रिषभ-धैवताची, पाचच सुरांची जोडी हवी. भैरव थाटातला विभास ठरलाय. त्याच्यासमोर रेवा ठेवला, तर नुसत्या आलापाच्या सुरुवातीवरून फरक कळेल का? नेमकी कोणती स्वरसंगती ऐकवावी? जाणकारांनी कृपया सांगा, कोडं अवघड चालेल, पण अन्यायाचं नको.