मेलिफेराच्या माशीवर तांबडा ठिपका दिसला, औषध घालू का?

पौडची_नवखी

नमस्कार. मी मूळची कोथरूडची, बँकेतून निवृत्त झालेली. पौडच्या पुढे आमची अर्धा एकर जागा आहे. त्यात आंबे, चार जांभळं आणि थोडा शेवगा. फेब्रुवारीत हौस म्हणून मधमाश्यांच्या तीन पेट्या ठेवल्या. दोन मेलिफेराच्या, म्हणजे परदेशी युरोपीय माशीच्या, सूर्यफुलाच्या हंगामात पेट्या फिरवणाऱ्या एकाकडून घेतलेल्या. तिसरी सातेरी, म्हणजे आपली देशी माशी. ती शेजारच्या गावातल्या आजोबांनी झाडाच्या ढोलीतून काढून भरून दिली.

पावसाळाभर साखरेचा पाक घालून तिन्ही जगवल्या. परवा मेलिफेराची पेटी उघडली तर एका माशीच्या पाठीवर, पंखाच्या मुळाशी, तांबूस ठिपका. परागकण असेल म्हणून सोडून देणार होते, तेवढ्यात तो सरकला! मोबाइलवर फोटो मोठा करून पाहिला तर चपटा, लांबीपेक्षा रुंद, खेकड्याच्या पाठीसारखा. पेटीच्या दाराशी दोन माश्या चालत होत्या. त्यांचे पंख चहा गाळल्यावरच्या पत्तीसारखे चुरगळलेले.

सातेरीत तसं काही नाही. पण नरांच्या बंद घरांच्या टोप्यांना मधोमध टाचणीने पाडल्यासारखं भोक आहे, तेही एकाला नाही, सगळ्यांना. ज्यांच्याकडून पेट्या घेतल्या ते म्हणाले, "औषधाच्या पट्ट्या लावून टाका, सगळे लावतात." किती, कधी, तिन्ही पेट्यांना का, ते काही सांगेनात. काय करू?

गच्चीबाग

माइटच आहे, म्हणजे कोळ्याच्या जातीचा बारीक जीव. माझ्या गुलाबांवर लाल कोळी आला होता, कृषी केंद्रातून कोळीनाशक आणून फवारलं, चार दिवसांत साफ. तेच थोडं पातळ करून बघा.

जुनी_पेटी

ताई, वरचं अजिबात करू नका. गुलाबाला त्या औषधाने काही होत नाही, माशी मात्र मरते. उरलं तर मेणात मुरतं, मग मधात उतरतं.

मी वाईकडचा. चुलत्यांच्या वेळेपासून घरात सातेरी, मेलिफेरा मी अकरा वर्षांपूर्वी आणली. तुमच्या पेटीत आहे तो वरोआ नावाचा माइट. हा मुळात सातेरीच्याच कुळातल्या माशीचा जुना सोयरा. पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राहून दोघांचं जमलंय. सातेरी एकमेकींच्या अंगावरून तो ओढून काढते, आणि तिच्या पोळ्यात त्याची वीण जवळजवळ फक्त नरांच्या घरात होते. मेलिफेराला ही विद्या नीट येत नाही. तिथे तो कामकरी माशीच्या घरातही वाढतो. घर बंद व्हायच्या जरा आधी माइटची मादी आत शिरते, टोपीखाली अंडी घालते, आणि नवी माशी बाहेर पडते ती माइटची लेक घेऊनच. चुरगळलेले पंख हे त्याच्यासोबत पसरणाऱ्या विषाणूचं काम.

टोपीवरचं भोक हा रोग नाही. सातेरीच्या नराच्या टोपीला ते असतंच. मीही पहिल्या वर्षी घाबरून अख्खी फ्रेम कापून टाकली होती आणि चुलत्यांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. सातेरीला औषध लावू नका. तिच्याकडे लक्ष द्यायचं ते पोळं पोखरणाऱ्या मेणकिड्यासाठी. माश्यांनी झाकलेली नाहीत ती जुनी काळी पोळी काढून टाका, तळफळी खरवडा. उपाशी राहिली तर ती एका सकाळी पेटी सोडून जाते, हे मात्र विसरू नका.

मेलिफेराचं आधी मोजा, मग औषधाचं बोलू. तोंडाला बारीक जाळी लावलेली बरणी घ्या. पिल्लांच्या फ्रेमवरून अर्धा कप माश्या झटका, साधारण ३०० भरतात. झटकण्याआधी राणी त्या फ्रेमवर नाही हे दोनदा बघा. दोन चमचे पिठीसाखर टाका, मिनिटभर बरणी हलके गोल फिरवा, दोन मिनिटं सावलीत ठेवा. मग पांढऱ्या ताटात जाळीतून जोराने साखर झाडा आणि वर पाणी शिंपडा. साखर विरघळते, माइट तरंगतात. आलेल्या आकड्याला तीनने भागलं की टक्केवारी. तीन टक्क्यांवर गेलं तर मी हात घालतो. पिठाळलेल्या माश्या परत पेटीत सोडा, बाकीच्या त्यांना चाटून साफ करतात. बघायला गंमत असते.

औषधांत माझा भर फॉर्मिक ॲसिडवर, कारण त्याची वाफ बंद टोपीच्या आतही पोहोचते. ऑक्झॅलिक ॲसिड पोहोचत नाही, ते पिल्लं नसतानाच कामाचं. पण फॉर्मिकने मला एकदा चांगलंच शिकवलंय. एप्रिलमध्ये भर दुपारी बाटली ठेवली. संध्याकाळी सगळ्या माश्या दाराबाहेर दाढीसारख्या लोंबत होत्या. चौथ्या दिवशी पोळ्यावर शेंगदाण्याएवढे नव्या राणीचे कोष दिसले, म्हणजे जुनी राणी गेली. दुपारचा पारा तिशीच्या वर असेल तर थांबा.

सातेरीवाला

जुनी_पेटी यांच्याशी बाकी सगळं पटतं, पण मूळ चूक कोणीच बोलत नाही. हौशी माणसाने मेलिफेरा घ्यावीच का? तिला कायम फुलोरा हवा. फिरवणारे लोक ट्रकमध्ये पेट्या टाकून सूर्यफूल, मोहरी करत जातात. अर्ध्या एकरात आणि पौडच्या पावसात ती तुमची साखरच खाणार. सातेरी मध कमी देते, पण जांभूळ-हिरड्याचा देते. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, ते याच डोंगरी माशीच्या जिवावर. ज्याच्याकडून घेतल्या त्याला पेट्या परत करा.

पौडची_नवखी

सातेरीवाले दादा, परत घेत नाहीत हो, विचारून झालं. आणि आता जीव जडलाय.

आज सकाळी मोजलं. यजमानांनी बरणी धरली आणि अंगठ्याला एक डंख खाल्ला. पहिल्या पेटीत १४. दुसरीत ४, पण त्यातला एक वेगळा होता. लहान, लांबट, आणि ताटात चक्क पळत होता. बाकीचे तीन बसल्या जागी पाय हलवत होते. हा बाळ वरोआ का?

जुनी_पेटी

नाही ताई, वरोआची पिल्लं टोपीबाहेर फिरत नाहीत. हा ट्रोपिलेलॅप्स नावाचा दुसरा माइट असणार. हा आग्या माशीकडचा. जवळपास मोठ्या झाडावर किंवा पाण्याच्या टाकीखाली आग्यामोहोळ आहे का बघा.

पहिली पेटी: १४ म्हणजे पावणेपाच टक्के, औषध लागेल. वर मधाचा मजला असेल तर आधी उतरवा. ८५ टक्क्यांचं फॉर्मिक ५ मिली छोट्या काचेच्या बाटलीत, तोंडाला कापसाची वात, बाटली पेटीच्या तळाशी. संध्याकाळी ठेवा, दार पूर्ण उघडं. रोज तेवढंच भरायचं, साधारण पंधरवडा. रबरी हातमोजे आणि चष्मा घालूनच, आणि वाऱ्याकडे पाठ करून. पुढच्या आठवड्यात ऊन उतरेल, तोवर थांबलात तरी चालेल. संपल्यावर पुन्हा मोजा.

दुसरीत घाई नको. आधी पिल्लांच्या फ्रेमवरच्या माश्या झटका, मग ती फ्रेम पांढऱ्या ताटावर आडवी धरून काठावर आपटा. पळणारे आणखी पडले तर राणीला तीन आठवडे पिंजऱ्यात ठेवायचं, म्हणजे ती अंडी घालत नाही. ट्रोपिलेलॅप्सला मोठ्या माशीचं अंग चावता येत नाही, पिल्लं नसली की दोन-तीन दिवसांत मरतो. तेवढ्या काळात नवी पिल्लं येणार नाहीत म्हणून माश्या कमी होतील, पाक चालू ठेवा. पिंजरा नसेल तर केस विंचरायच्या प्लास्टिकच्या गोल चिमट्यासारखी दिसणारी क्लिप मिळते, ती चालते. राणी तुम्हाला सापडते ना? नसेल तर आधी तिच्या पाठीवर रंगाचा ठिपका द्यायला शिका. नरांवर सराव करा, त्यांना नांगी नसते.

आणि यजमानांना सांगा, नांगी चिमटीने ओढू नका, नखाने आडवी खरवडून काढा.