लेनचं काँक्रीट आणि पाच स्पीडब्रेकर : सही करायची का?

तळमजला
मंडळी, आपल्या कॉलनीतून पालिकेला अर्ज चाललाय, उरलेल्या तिन्ही लेन काँक्रीटच्या करा आणि पाच स्पीडब्रेकर टाका म्हणून, रविवारपर्यंत सह्या हव्यात. मी सही केलेली नाही. का, ते इथं लिहितो, गेटवर बोलायला गेलं की दोन मिनिटांत आवाज चढतात.

पहिली लेन दोन वर्षांपूर्वी काँक्रीटची झाली, माझं घर तिथंच. आधी रस्त्यावरून ओट्यावर चढायला तीन पायऱ्या होत्या, आता एकच उरलीय. जुनं डांबर उखडलंच नाही, त्याच्यावरच थर ओतला, कडेची पावसाळी गटाराची जाळी खाली राहिली आणि निम्मं तोंड काँक्रीटनं बुजलं. जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसात पाणी जाळीकडं न जाता आमच्या दारात आलं, रात्री दीड वाजता माझी 74 वर्षांची आई उंबऱ्याला गोणपाट लावत बसली होती. पंधरा वर्षं इथं राहतोय, डांबरी रस्ता असताना पाणी कधी ओट्याला लागलं नव्हतं.

साधा हिशोब करा. लेन 9 मीटर रुंद, 200 मीटर लांब, तासात 50 मिलिमीटर पाऊस झाला तर नुसत्या रस्त्यावर 90 हजार लिटर पाणी पडतं, म्हणजे 10 हजार लिटरचे नऊ टँकर, गच्च्यांचं पाणी वेगळंच. ते कुठून जाणार हे अर्जात एका ओळीतही नाही. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा माझी बहीण सहकारनगरात राहायची, त्या रात्री शहरात आणि आजूबाजूला 20 हून जास्त माणसं गेली. पाण्याची वाट अडवली की काय होतं ते तिनं बघितलंय. आपली लेन म्हणजे ओढा नाही, पण पाणी तिथंही उताराचंच ऐकतं.

मधली_लेन
दादा, काकूंचं ऐकून खरंच वाईट वाटलं. पण तुमची लेन झालीय म्हणून तुम्हाला थांबा म्हणणं सोपं जातंय. आमच्याकडं दर ऑगस्टला तेच खड्डे, गणपतीच्या आधी मुरूम आणि खडी टाकतात, विसर्जनापर्यंत ती उखडून नळाच्या खोलीपर्यंत पसरलेली असते. मागच्या वर्षी सासूबाई दूध आणायला गेल्या आणि पाण्यानं भरलेल्या खड्ड्यात पाय गेला, मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर आणि अजूनही त्यांना पोळी लाटता येत नाही. ऑक्टोबर 2025 मधे मुंबई हायकोर्टानं सांगितलंय, खड्ड्यानं किंवा उघड्या मॅनहोलनं माणूस गेला तर घरच्यांना 6 लाख, जखमीला 50 हजार ते अडीच लाख. मला भरपाई नको, मला रस्ता हवाय. आणि स्पीडब्रेकर तर हवाच हवा, माझी मुलगी व्हॅनमधून उतरून लेन ओलांडते तेव्हा डिलिव्हरीवाल्यांच्या गाड्या ज्या वेगानं जातात ते मी रोज खिडकीतून बघते.

निवृत्त_ओव्हरसियर
34 वर्षं रस्त्यांचंच काम केलं म्हणून बोलतो. तळमजलावाले, दोष काँक्रीटचा नाही, काम करणाऱ्याचा आहे. रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता हवा, 2 टक्के ढाळ धरला तर 9 मीटरच्या रस्त्यात मध्यापासून कडेपर्यंत 9 सेंटीमीटरचा फरक पडला पाहिजे. जुना थर काढून तेवढंच खाली जायचं, म्हणजे ओट्याची पातळी तीच राहते. चेंबरची झाकणं नव्या पातळीला उचलून घ्यायची. सगळं टेंडरमधे लिहिता येतं. डांबरही टिकतं बरं का, पुण्यातला जंगली महाराज रस्ता सत्तरच्या दशकात 10 वर्षांच्या हमीवर झाला होता आणि त्याचं नाव अजून निघतं. पण आपल्या लेनमधे पाणी साचतं आणि साचलेलं पाणी डांबराचा शत्रू, म्हणून मी काँक्रीटच्या बाजूनं आहे.

स्टॅंडवरचा_रिक्षावाला
स्पीडब्रेकरला माझा विरोध, सरळ सांगतो. बाळंतपणाला निघालेली बाई मागं बसलेली असते आणि तुमच्या त्या विटांच्या आणि डांबराच्या उंचवट्यावर रिक्षा आदळते तेव्हा तिचा आवाज मी ऐकलाय. रात्री लाइट गेले की दिसतही नाही, पांढरे पट्टे मारतंय कोण? 30 चे बोर्ड लावा आणि दंड करा.

मधली_लेन
बोर्ड वाचून गाडी हळू करणारा माणूस आधीपासूनच हळू चालवतो. दंड करायला आपल्या लेनमधे कोण उभं राहणार?

निवृत्त_ओव्हरसियर
दोघांचंही ऐका. रिक्षावाले दादा म्हणतात तो स्पीडब्रेकर मुळात चुकीचा असतो. आयआरसी, म्हणजे रस्त्यांची मानकं ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस, तिच्या मानकात गोलाकार उंचवटा 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच असतो, त्यावरून 25 च्या वेगानं गाडी आरामात जाते. आपल्याकडं हातभर रुंद आणि गुडघ्याएवढा करतात, त्यानं पाठी मोडतात. आणि नुसता बोर्ड लावून भागत नाही, 2018 च्या केंद्राच्या अधिसूचनेत शहरातल्या रस्त्यांवर कारला 70 आणि दुचाकीला 60 ची कमाल मर्यादा आहे, गल्लीला 30 पाहिजे असेल तर वाहतूक शाखेकडून वेगळा आदेश काढून घ्यावा लागतो. पालिकेच्या अर्जात ते मागून उपयोग नाही.

तळमजला
हे मला माहीत नव्हतं, धन्यवाद. स्पीडब्रेकरबद्दल मी मत बदलतो. 30 च्या वेगात माणूस बघून ब्रेकवर पाय जाईपर्यंत गाडी 8 मीटर पुढं जाते, 50 ला 14 मीटर, आणि धडक बसली तर जोर पावणेतीनपट. ताईंच्या मुलीच्या बाबतीत ते 6 मीटर फार आहेत. मानकाप्रमाणे असेल तर माझी सही घ्या, फक्त उंचवट्याच्या कडेनं पाणी जायला जागा सोडा, नाहीतर तोच बांध होईल.

काँक्रीटच्या अर्जावर मात्र अजूनही सही नाही. आधी गटाराची पातळी मोजून कागदावर द्या, मग रस्ता. दोन वेगळे अर्ज करा.

मधली_लेन
दोन अर्ज केले तर दोन टेबलांवर पडून राहतील, मी क्षेत्रीय कार्यालयात चार चकरा मारल्यात म्हणून सांगते. मी एकच नेणार, ओव्हरसियर काकांनी सांगितलेला ढाळ, जुना थर काढणं आणि तुमची जाळी त्यातच लिहून. शनिवारी संध्याकाळी घेऊन येते, काकूंनाही वाचून दाखवते. तरीही नाही म्हणालात तर तुमच्या सहीशिवाय जाईल, पण जाळीची ओळ खोडणार नाही.