मदत हवी आहे: गुलाबी बोंडअळीचं गणित मुलांना कसं दाखवू?

नमस्कार मंडळी. बारावीला हार्डी-वाइनबर्ग, म्हणजे समूहातल्या जनुकांच्या प्रमाणाचं गणित, शिकवते. म्हटलं, यंदा उदाहरण घरचंच घेऊ, गुलाबी बोंडअळीचं. २०१७ साली आमच्या यवतमाळकडे बोंड फोडलं की आत अळी वळवळायची, सरकी पोखरलेली, कापूस पार कवडी. आणि हे बीटीच्या, म्हणजे अळी मारणारं जिवाणूचं जनुक घातलेल्या कापसाच्या, झाडावर!

अडचण अशी. अळीतलं बीटीला दाद न देणारं जनुक अप्रभावी, म्हणजे आई-बाप दोघांकडून आलं तरच अळी तगते. समजा सुरुवातीला ते हजार प्रतींत एक होतं, तर त्याच्या दोन्ही प्रती असलेली अळी (हजार गुणिले हजार) दहा लाखांत एक. तरी २००२ चं एका जनुकाचं बीटी आणि २००६ चं दोन जनुकांचं, दोन्ही इतक्या लवकर निकामी?

माझा अंदाज: पाकिटासोबतचं, साध्या अळ्याही जगाव्यात म्हणून दिलेलं, १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणं कुणी लावलंच नाही. (आमच्या बाबांनी ते धुऱ्यावर फेकलेलं मी पाहिलंय.) मग तगलेल्या पतंगाला जोडीदार मिळायचा तोही तगलेलाच. त्यात ही अळी जवळजवळ कापसावरच जगते, आणि आपण फरदड ठेवून, म्हणजे वेचणीनंतरही पीक न उपटता, तिला फेब्रुवारी-मार्चपर्यंत पोसतो.

जनुक आधी मुंगीच्या पावलांनी आणि मग एकदम वाढतं, हे तूर-मुगाचे दाणे घेऊन वर्गात दाखवता येईल का? पिढीमागे किती दाणे काढायचे? आणि बीटी बंद केलं तर प्रमाण आपोआप घटेल, की त्या जनुकाचा अळीला काही तोटा असला तरच? कुणी करून पाहिलं असेल तर सांगा, सोमवारी तास आहे.